उतरल्यापासून बर्फापर्यंत

जगात बर्फ कुठे कुठे पडतो हे शाळेतली पोरंही सांगतील. पण विमानातून उतरल्यावर त्या बर्फात पहिलं पाऊल पडायला नेमकी किती मिनिटं लागतात, हे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस त्या काळात साऱ्या देशात एकच होता, आणि तो गिरगावात आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, नळाशेजारच्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून सुपारी कातरत बसलेला असे. नात्याने ते माझ्या बायकोचे मामा. चाळीतल्या बेचाळीस बिऱ्हाडांचेही मामाच. त्यांनी स्वतः तोपर्यंत पाहिलेला सर्वांत मोठा बर्फ म्हणजे मच्छीमारांच्या गाडीवरून भुशात गुंडाळून चाललेली लादी. पण स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, मामा डोळे मिटून सांगत, "उतरल्यापासून पंचावन्न मिनिटं. मध्ये एक बोगदा आहे. जेवण विमानातच उरकून घ्या."

"उतरल्यापासून" हा मामांच्या आयुष्याचा मंत्र होता. प्रवास लांबचा असला तरी त्यांची हरकत नसे. उतरल्यानंतरच्या रखडपट्टीचा त्यांना मनस्वी तिटकारा. म्हणून देऊळ ट्रामच्या थांब्याला लागून असेल तरच त्यांची त्या देवावर श्रद्धा बसे. लग्नाचं आमंत्रण आलं की वधूवरांची नावं वाचण्याआधी ते विचारीत, "ट्राममधून उतरल्यापासून पंगत किती मिनिटांवर?" स्वतःच्या लग्नात त्यांनी हेच केलं. मुलगी पाहायला दादरला गेले, स्टेशनातून बाहेर पडून चार मिनिटांत मुलीच्या दारात उभे राहिले आणि चपला काढता काढता म्हणाले, "मला पसंत आहे." मुलगी अजून आत वेणी घालत होती. माझ्या बाबतीतही तेच. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो एवढ्या एका गुणावर त्यांनी भाचीसाठी मला निवडलं. "पगार बेताचा आहे, नाक जरा बसकं आहे," ते माझ्यासमोरच म्हणाले, "पण जावईबापू, जिना चढला की तुम्ही. असं स्थळ मुंबईत दुसरं दाखवा मला!"

मामा फोर्टमधल्या एका प्रवासी कंपनीत वेळापत्रकांच्या टेबलावर होते. कामासाठी युरोपात जाणारे बडे लोक मधल्या शनिवार-रविवारी पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायला जात, आणि कुठल्या गावी जायचं ते मामांना विचारून ठरवीत. अशा गावांना मामांनी 'घसरगाव' असं घरगुती नाव ठेवलं होतं. साहेब लोक हॉटेलातलं जेवण कसं, डोंगर किती उंच असलं काही विचारू लागले की मामांना त्यांची कीव येई. "अडीच दिवसांसाठी जाताय ना? मग डोंगर बघू नका, रस्ता बघा. विमानतळापासून जवळचं ते चांगलं." एकदा त्यांच्या सल्ल्याने गेलेले एक पारशी गृहस्थ पायाला प्लास्टर घालून, दोन कुबड्यांवर तोल सावरत त्यांचे आभार मानायला आले. "अरे दीकरा, तू बोलला तसाच झाला! विमानापासून बरफ बराबर पंचावन मिनिट. पन एक गोष्ट तू बोलला नाय. बरफापासून इस्पितळ फकत पाच मिनिट! एवडी जवळ जागा साला दुसरीकडे कुठे मिळेल?" मामांनी ताबडतोब तक्त्यात 'इस्पितळ' असा नवा रकाना पाडला.

आता एवढं ज्ञान असल्यावर तयारी हवीच. लाकडी खोक्याच्या दोन लांब पट्ट्या मामांनी पुढे वाकवून घेतल्या होत्या. पहाटे चाळीच्या गॅलरीत ते कॅरमची बोरिक पावडर शिंपडत, पट्ट्या पायांना नाडीने बांधत, हातात छत्रीच्या दोन दांड्या घेत आणि स्वतःला ढकलून देत. तीन खोल्या ओलांडेपर्यंत बहुधा ते बसलेले असत. चाळीतले कॅरमवाले ओरडत, दूधवाला कठड्याला घट्ट धरून चाले. तळमजल्यावरच्या परबकाकू वर बघून विचारीत, "अवो मामा, थंय जावन तुम्ही करतलात तरी काय?" आणि मामी? कमरेवर एक आणि डोक्यावर एक अशा दोन भरलेल्या कळश्या घेऊन त्याच पावडरीवरून रोज सकाळी पाच-सहा खेपा घालीत, आणि पाणी भरून झालं की फडकं घेऊन पावडर पुसून काढीत.

मामींबद्दल इथेच सांगायला हवं, कारण हे सगळं वेड मुळात त्यांच्यासाठी होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका कॅलेंडरवरचं बर्फाचं चित्र पाहून मामी म्हणाल्या होत्या, "हे खरं असतं का हो?" मामा म्हणाले होते, "दाखवीन." त्याच वर्षी मामांच्या मातुःश्रींनी अंथरूण धरलं. सगळी चाळ त्यांना माई म्हणे. माई दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवत नसत, दुसऱ्या कुणाला कूस बदलू देत नसत. जीभ मात्र तिन्ही मजले हिंडून येई. बारा वर्षांत मामी एक रात्रसुद्धा त्या खोलीबाहेर राहिल्या नव्हत्या; दादरला माहेरी जायच्या तेही दुपारचं आवरून दिवेलागणीच्या आत परत. तेव्हा मामांना जवळचंच घसरगाव का हवं असे, हे ज्यांना माई माहीत होत्या त्यांनाच कळे.

कंपनीतली वीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा मोठ्या साहेबांनी खूश होऊन मामांना बक्षीस दिलं: देशात कुठेही, दोघांचा विमानप्रवास. मामा धावत घरी आले. माईंच्या उशाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं. माझ्या बायकोने माईंचं सगळं करायचं कबूल केलं. माई आढ्याकडे बघत म्हणाल्या, "दोन रात्री जगेन मी. तिसरीचं सांगत नाही."

झालं. दोन रात्री! मामांनी जमिनीवर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर मामींनी लाडवांचे आणि चिवड्याचे डबे ठेवले, आणि निवड सुरू झाली. दार्जिलिंग बाद, कारण तिथला बर्फ लांबून बघायचा, घसरायचा नव्हे. सिमला बाद, कारण विमान भलतीकडे उतरवतं आणि पुढची गाडी डोंगर चढता चढता दमते. उरलं गुलमर्ग. मामांनी तिथल्या एका हॉटेलवाल्याला पत्र टाकलं की, श्रीनगरच्या विमानतळावरून बर्फ किती मिनिटांवर? उत्तर आलं, "या, इन्शाअल्ला लवकरच पोचाल." मामा दोन दिवस ते पत्र घेऊन फिरले. शेवटी त्यांनी तक्त्यात लिहिलं: 'मोटार, एक तास सत्तावीस मिनिटे. तट्टू, चोपन्न मिनिटे. इन्शाअल्ला, पंधरा मिनिटे.' शनिवारी सकाळी सांताक्रूझहून निघायचं, दुपारी बर्फात, सोमवारी जोडून सुट्टी होती, त्या संध्याकाळी परत. तक्ता इतका चोख की तट्टाला चणे खायला लागणारा वेळही त्यात होता. मी तो तपासला तेव्हा त्यातली पहिलीच ओळ मला जरा खटकली होती: 'घर ते टॅक्सी, तीन मिनिटे.' पण भाचेजावयाने मामेसासऱ्यांच्या तक्त्यात चूक काढू नये म्हणून मी तो तसाच परत दिला. आजही मला त्याचा पश्चात्ताप आहे, थोडासा.

कारण शनिवारी सकाळी सहाला मामा-मामी खोलीबाहेर पडले आणि शेजारच्या दारात दह्याची वाटी घेऊन जोशीणबाई उभ्या होत्या. बाहेरगावी जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, ही तर साधी रीत. नाही कोण म्हणणार? मामांनी दही खाल्लं, मामींनी खाल्लं, वाकून नमस्कार केला. पुढच्या दारात पुढची वाटी. तिथे दही घेतलं आणि तिथलं घेतलं नाही, असं चाळीत करता येतं का? वरच्या मजल्याला टाळून खाली उतरता येतं का? शिवाय मामी बारा वर्षांनी घराबाहेर पडत होत्या. बायकांनी त्यांना अक्षरशः अडवून धरलं. कितीतरी घरी ओटी, प्रत्येक ओटीत नारळ. तिसऱ्या मजल्यावरच्या गायनमास्तरांनी शुभ प्रवासाचं पद धरलं, त्याचा अंतरा दोनदा घेतला. एकाने फोटो काढला, आणि डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला. मामा घड्याळाकडे बघत, दही गिळत, "बरं, बरं, येतो," म्हणत घामाने निथळत होते. बेचाळिसावं दही पोटात जाऊन ते टॅक्सीत बसले तेव्हा तीन मिनिटांच्या जागी पावणेदोन तास झाले होते, आणि स्वेटरच्या पिशवीत स्वेटरवर एकोणीस नारळ होते.

सांताक्रूझला पोचले तेव्हा विमान धावपट्टीवरून उचललं जात होतं.

दुपारी दोघं परत आले. अंगणातला कॅरम थांबला. रेडिओसुद्धा कुणीतरी बंद केला. मामींनी ओटी भरलेल्या प्रत्येकीच्या दारात जाऊन नारळ परत केले, "पुढच्या वेळी घेईन हं," असं हसून सांगितलं. माईंनी आतून विचारलं, "कोण आलं?" मामी म्हणाल्या, "आम्हीच." रात्री माझी बायको जेवण घेऊन गेली तेव्हा मामी मामांना समजावत होत्या, "अहो, असं काय करता? मी विमान केवढं जवळून उडताना पाहिलं! वारा लागला तोंडाला." मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. चार दिवस त्यांनी वेळापत्रक उघडलं नाही. सुपारी कातरली नाही. पहाटे गॅलरीत पावडर पडली नाही. कॅरमवाल्यांनी स्वतःहून नवा डबा आणून मामांच्या दाराशी ठेवला, तो तिथेच राहिला.

बक्षिसाची तिकिटं साहेबांनी बदलून दिली. पण सुट्टीचा सोमवार पंधरा दिवसांनी एकच होता, आणि तो हुकला की बर्फाचा मोसम संपत होता. पुढच्या मोसमापर्यंत माईंचं काय, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. बोलल्या त्या माईच. "दोन रात्री शिल्लक आहेत माझ्या. पण वाट बघायला लावू नका मला."

तेव्हा चाळ पेटून उठली. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्या चाळीला मोर्चा, सभा, प्रभातफेरी यांची इतकी सवय झालेली की एखादा सत्याग्रह उभा करायला आम्हाला अर्धा तास पुरे. चाळ समितीच्या चिटणिसांनी अंगणात सभा बोलावली. विषय एकच: मामांचं दही. ठराव आला की, बेचाळीस घरांनी एकेक चमचा दही एकाच वाटीत आणून घालावं, आणि ती एकच वाटी मामा-मामींनी खाल्ली की सगळ्यांचं पोचलं असं समजावं. लगेच तिसरा मजला उठला. "आमचं दही गोड असतं. तळमजल्याचं आंबट. आम्हाला वेगळी वाटी हवी!"

चिटणीस ताडकन उभे राहिले. "लाज वाटत नाही? अख्खा महाराष्ट्र एक करायला निघालो आपण आणि एक वाटी दही एक होत नाही?"

"पण चव..."

"चव मागाहून ठरवू! आधी वाटी एक!"

मागून कुणीतरी ओरडलं, "संयुक्त वाटी..." आणि सबंध अंगण गरजलं, "झालीच पाहिजे!" परबकाकूंनी तर हात वर करून सांगितलं, "माज्या घरचा धय आंबट नाय, पण वाटी येकच!" ठराव मंजूर झाला. ओटी निघताना न भरता परत आल्यावर भरायची, गायनमास्तरांनी अंतऱ्याशिवाय गायचं, फोटोत डोळे मिटले तर मिटले, अशी पोटकलमं घातली गेली. मी हातात घड्याळ घेऊन दोनदा तालीम घेतली. मामांच्या जागी चिटणीस, मामींच्या जागी गायनमास्तर. दुसऱ्या तालमीत चार मिनिटं लागली.

त्या शनिवारी संयुक्त वाटीतलं दही खाऊन मामा-मामी जिना उतरले तेव्हा कोपऱ्यावर आमची प्रभातफेरी तयार उभी होती. तिने दोघांना मध्ये घेतलं आणि "मामींना बर्फ मिळालाच पाहिजे!" अशा घोषणा देत थेट टॅक्सीपर्यंत वाहून नेलं. वाटेत डबलरोटीवालाही घोषणा देऊ लागला. कुठल्या मागणीसाठी ते त्याने विचारलं नाही. टॅक्सी सुटली. चिटणिसांनी डोळे पुसले आणि जाहीर केलं, "पाच मिनिटं दहा सेकंद. एवढं क्षम्य आहे."

पुढचं मामींनी सांगितलेलं आहे, म्हणून खरं. विमान उतरलं, मोटार निघाली, मामांच्या मांडीवर तक्ता, हातात घड्याळ. आणि तट्टांचं गाव यायच्या आधीच, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, झाडांखाली, कौलांवर, सगळीकडे पांढरं! मामी ओरडल्या, "अहो, बर्फ! थांबवा!"

मामांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. "नाही. अजून एक तास सहा मिनिटं आहेत. हा आपला बर्फ नव्हे."

"बर्फात आपला-परका असतो का?"

"तक्त्यात नाही तो."

मामींनी बारा वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याचं ऐकलं नाही. ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक केलं, गाडी थांबली, दार उघडून त्या उतरल्या आणि चपलांसकट घोट्यापर्यंत बर्फात जाऊन उभ्या राहिल्या. मामा मोटारीतून म्हणाले, "पाय गारठतील." मग काही वेळाने खाली उतरले, त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि खिशातून पेन्सिल काढून तक्त्यात दुरुस्ती केली: 'उतरल्यापासून बर्फ, एक तास तीस मिनिटे.' मामी म्हणतात, मग ते घड्याळ खिशात ठेवून तिथेच उभे राहिले. मामा म्हणतात, पाय गारठले म्हणून.

दुसऱ्या दिवशी गुलमर्गला फळ्या भाड्याने घेतल्या. गॅलरीत तीन महिने तयारी केलेले मामा फळ्या बांधल्या बांधल्या खाली बसले आणि दुपारपर्यंत बहुतेक बसूनच होते. मामींनी नऊवारीचा काचा मारलेला, वरून मामांचा कोट. तिथल्या माणसाने त्यांना उतारावर उभं करून हलकेच सोडलं, आणि मामी सरळ, न डगमगता, मान ताठ ठेवून खालपर्यंत गेल्या. तो माणूस धावत त्यांच्यामागून आला. "बाईजी, आप कहाँ सीखीं?" मामी आम्हाला हे सांगताना हसून हसून बेजार होत. "काय सांगणार त्याला? तीन महिने दोन भरल्या कळश्या घेऊन ह्यांच्या पावडरीवरून चालत होते म्हणून?"

सोमवारी संध्याकाळी, दुसरी रात्र उलटून दिवे लागत असताना, दोघं परत आले. माझा थर्मास मी त्यांना दिला होता, तो मामी काठोकाठ बर्फ भरून घेऊन आल्या होत्या. दाराशी सगळी चाळ गोळा झाली. झाकण उघडलं तर आत नुसतं पाणी. कुणी चुकचुकलं. मामींनी चमचा मागवला. पहिला चमचा माईंच्या तोंडात घातला. माईंनी जिभेवर घोळवला, गिळला आणि म्हणाल्या, "पाणीच आहे." मग पुन्हा तोंड पुढे करून, "पण आणखी एक दे." मग बेचाळीस घरांत एकेक चमचा गेला. तळमजला, तिसरा मजला, सगळ्यांना तेवढाच. गायनमास्तरांनी या वेळी अंतरा दोनदा घेतला, कुणी अडवलं नाही.

माई पुढे तीन वर्षं होत्या. शेवटच्या दिवसांत त्या लोकांना सांगत की आपण बर्फ खाल्लेला आहे.

आता मामा-मामी गोरेगावला असतात. स्टेशनपासून सहा मिनिटं, म्हणून घेतलेला ब्लॉक. त्यांचा तो तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. पहिल्या ओळीतले 'तीन मिनिटे' खोडून मामांनी वर लिहिलं आहे: 'पावणेदोन तास. माणसं आहेत.' तिकडे राहायला गेल्यावर पहिल्यांदा भेटलो तेव्हा मामा म्हणाले होते, "जावईबापू, इथे घर ते रिक्षा बरोब्बर तीन मिनिटं लागतात. दार ओढलं की निघालो. कुणी बघतसुद्धा नाही." ज्या हिशोबासाठी हा माणूस जन्मभर झटला तो अखेर जुळला होता, पण सांगताना ते खाली सतरंजीकडे बघत होते.

परवा पुन्हा गेलो होतो. निघताना मामींनी हातावर दही ठेवलं. मी जिन्याकडे वळलो तर समोरचं दार उघडलं आणि एक सिंधी बाई वाटी घेऊन पुढे आली. खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं, त्यांच्याकडे दही नव्हतं म्हणून साखर. त्याखाली एक आजोबा, नुसतेच डोक्यावर हात ठेवायला. मी वर पाहिलं. मामी कठड्यावरून वाकून हसत होत्या. "आठ बिऱ्हाडं आहेत इथे. दोन वर्षं लागली मला. अजून दोन दारं उघडायची आहेत." शेजारी मामा, एका हातात घड्याळ, एका हातात पेन्सिल.

"अकरा!" ते वरून आनंदाने ओरडले. "अकरा मिनिटं झाली, जावईबापू!"

फाटकाबाहेर आलो, तर थांबवून ठेवलेला रिक्षावाला कंटाळून निघून गेला होता.